रॉक बँडवरचे खोटे माहितीपट मनाला इतके का भिडतात?

मखमलाबादकर

मागच्या रविवारी धरणातून पाणी सोडलं, नाशकात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, आणि घरचे सगळे पूर बघायला होळकर पुलाकडे गेले. मी घरी थांबलो आणि 'धिस इज स्पायनल टॅप' लावला. 1984 चा, रॉब रायनरचा. पहिल्यांदा पाहिला तो 1996 साली, एका मित्राने मुंबईहून आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर. तेव्हापासून वर्षातून एकदा तरी बघतोच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पायनल टॅप नावाचा इंग्लिश हेवी मेटल बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर आलाय. कळा उतरती आहे. एक दिग्दर्शक त्यांच्यावर माहितीपट करतोय. बँड खोटा, दिग्दर्शक खोटा (ते काम रायनरनेच केलंय), मुलाखती खोट्या, साठच्या दशकातली म्हणून दाखवलेली जुनी चित्रफीतसुद्धा खोटी. क्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मकीन आणि हॅरी शिअरर यांनी नायजेल, डेव्हिड आणि डेरेक उभे केलेत. संवाद बहुतेक जागच्या जागी सुचलेले. गाणी मात्र खरी, त्यांनीच रचलेली आणि त्यांनीच वाजवलेली.

मी 1994 ते 97 एका कॉलेज बँडमध्ये बेस वाजवायचो. आम्ही चौघं. पंचवटीत एकाच्या काकांचं द्राक्षाच्या खोक्यांचं गोडाऊन होतं, तिथे सराव. पुठ्ठ्याच्या थप्प्यांमुळे आवाज छान दबायचा, शेजारीपाजारी तक्रार करायचे नाहीत. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, आणि आमचा गिटारवाला आणि गायक यांचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच.

सिनेमात शेवटाकडे नायजेल बँड सोडून जातो. मग एका कार्यक्रमात स्टेजच्या कडेला येऊन उभा राहतो, आणि डेव्हिड त्याला हाताने वर बोलावतो. रविवारी तिथे पोहोचलो आणि नेमकी बायको पुलावरून परत आली. म्हणाली, "विनोदी सिनेमा बघून तुझे डोळे का भरतात?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. तुम्हाला हे सिनेमे का आवडतात? किंवा आवडत नसतील तर का नाही?

तर्रीवाला

अकरा!!! बाकी काही बोलायचं नाही.

वैदेही_क

तर्रीवाला, अकरा म्हणजे काय ते सांगा ना. मी सिनेमा पाहिलेला नाही, पण धागा वाचून बघावासा वाटतोय.

ध्वनीमित्र

वैदेहीताई, मी सांगतो. नायजेल दिग्दर्शकाला आपला अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, दाखवतो. सगळ्यांच्या अँपवर नॉबचे आकडे दहापर्यंत, याच्या अँपवर अकरापर्यंत. त्याचं म्हणणं, सगळे दहावर पोहोचून अडकतात, आम्हाला कड्यावरून आणखी थोडं ढकलायचं असेल तर आमच्याकडे अकरा आहे. दिग्दर्शक विचारतो की मग दहालाच जास्त मोठं का नाही करत? नायजेल थांबतो. विचार करतो. आणि पुन्हा सांगतो की याच्यावर अकरा आहे.

मी गेली बावीस वर्षं साउंडचं काम करतो. कॉलेजांची गॅदरिंग, लग्नाचे संगीत, आता वाईनरीतले कार्यक्रम. हा प्रसंग मी दर सीझनला जगतो. नॉबवरचा आकडा हा फक्त छापलेला आकडा असतो. आवाज किती होणार ते अँपचे वॉट, स्पीकर आणि जागा ठरवते. वॉट दुप्पट केले तरी फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. पण हे वादकाला सांगून उपयोग नसतो, कारण वादकाला आकडा नको असतो, धीर हवा असतो. मी एका गायकाच्या समाधानासाठी मिक्सरवरचा एक फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा सरकता खटका, वर सरकवतो, जो कशालाच जोडलेला नाही. तो मान डोलावतो आणि खरोखर चांगला गातो. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. नायजेलचा अकरा हा तोच धीर आहे.

पुढे मार्शल कंपनीने वीसपर्यंत आकडे असलेला अँप बाजारात आणला आणि त्याच्या जाहिरातीला नायजेललाच घेतलं.

सिडकोचा_सम्या

ध्वनीमित्र, तो फेडर कुठल्या गायकासाठी सरकवता तेवढं सांगा, बाकी सगळं माफ.

ध्वनीमित्र

सम्या, नाव सांगणार नाही. गुणी माणूस आहे.

थेम्सकाठचा_नाशिककर

मखमलाबादकर, धागा काढलात ते फार बरं केलंत. या प्रकाराची सुरुवात स्पायनल टॅपपासून धरतात, पण त्याआधीची दोन नावं घ्यायलाच हवीत.

पहिलं 'द रटल्स'. इंग्लिश विनोदकार एरिक आयडल आणि संगीतकार नील इनिस यांनी बीटल्सचं सोंग आणलं. आधी 1975 च्या सुमारास आयडलच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमात छोट्या तुकड्यांत, आणि मग 1978 मध्ये 'ऑल यू नीड इज कॅश' हा पूर्ण लांबीचा खोटा माहितीपट. त्यात मिक जॅगर आणि पॉल सायमन हे खरे गायक स्वतः म्हणून येतात आणि न झालेल्या बँडच्या आठवणी गंभीरपणे सांगतात. आणि खुद्द बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन एका बातमीदाराच्या छोट्या भूमिकेत आहे. ज्याची नक्कल चाललीय तोच माणूस हौसेने नकलेत येऊन उभा राहतो, यातच मला मखमलाबादकरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतं.

दुसरं 'बॅड न्यूज टूर', 1983 च्या जानेवारीत ब्रिटनच्या चॅनल फोरवर आलेलं, एका खोट्या मेटल बँडवरचं. त्यात एड एडमंडसन, रिक मेयल, नायजेल प्लेनर, पीटर रिचर्डसन हे विनोदी नट. म्हणजे स्पायनल टॅपच्या वर्षभर आधी. ही पात्रं धड वाजवूही शकत नाहीत. तरी 1986 मध्ये इंग्लंडातल्या कॅसल डॉनिंग्टनच्या खऱ्याखुऱ्या मेटल महोत्सवात ते मंचावर गेले, आणि पुढे त्यांच्या अल्बमची निर्मिती क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने केली.

कॉलेजरोडची_पोरगी

मला 2016 चा 'पॉपस्टार' जास्त आवडतो 🙂 तो रॉकचा नाही, पॉपचा आहे, पण माझ्या वयाच्या मुलांना फोनवर जगणारा स्टार जास्त ओळखीचा वाटतो. त्यातही शेवटी तीन बालमित्रच आहेत, भांडलेले. मखमलाबादकर काका, तुमचे डोळे भरले ती जागा त्यातही आहे, बघा.

मखमलाबादकर

बघतो, बाळा. नाव लिहून ठेवलं.

क्लॅरिनेट

मी या धाग्यावर वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

मी स्पायनल टॅप अर्धा पाहिला आणि बंद केला. मला हसू आलं नाही. माझे वडील बँडमास्तर होते. जुन्या नाशकात आमची बँड पार्टी होती, लाल कोट, सोनेरी झालर, चौदा माणसं. वैशाखात दुपारी साडेबाराचा मुहूर्त असला की हे लोक अकरापासून उन्हात उभे. सुपारी ठरलेली असायची दोन तासांची, वरात चालायची चार तास, आणि वरच्या दोन तासांचे पैसे मागितले की यजमान हसायचे. एका लग्नात जेवणाच्या पंगती उठल्यानंतर आमच्या माणसांना मांडवामागे बसवलं. त्यात एकजण म्हणाला, "वाजवा की अजून, पोट भरलंय ना आता." वडिलांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली आणि मला हाताला धरून घरी आणलं. मी दहा वर्षांचा होतो.

त्यामुळे सिनेमात दौरा फसतो, हॉटेलात खोल्या मिळत नाहीत, दुकानात अल्बमवर सही घ्यायला एक माणूस येत नाही, तेव्हा मला तो एजंट आणि ते रिकामं टेबल दिसतं. वाजवणाऱ्या माणसाच्या फजितीवर हसणं मला जमत नाही. रॉक बँडवाले श्रीमंत असतील, प्रसिद्ध असतील. फजिती तीच आहे.

तर्रीवाला

क्लॅरिनेट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

पेठनाका

क्लॅरिनेट यांनी जे लिहिलं त्यानंतर लगेच वाद घालावा असं वाटत नाही. पण मला जे सुचलं ते लिहितो.

मी पेठ तालुक्यातला. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्रभर एकेक सोंग येतं, मशालींच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीवर. मुखवटा जड असतो. आत कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं. सकाळी ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं तोच रात्री देवाचा मुखवटा घालून नाचत येतो, आणि लोक हात जोडतात. काही सोंगांना पोरं खदाखदा हसतात. हसणं आणि हात जोडणं एकाच रात्री, एकाच अंगणात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, आम्हाला नाही.

सोंग आणणाऱ्याला एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे मध्येच मुखवटा वर करून "बघा, मीच आहे" असं म्हणणं. स्पायनल टॅपमध्ये ब्याऐंशी मिनिटांत एकदाही मुखवटा वर होत नाही. तिघांपैकी कुणीही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. म्हणून मला तिथे कुणाची टिंगल होतेय असं वाटलं नाही. टिंगल करणारा माणूस स्वतः बाहेर उभा असतो. हे तिघे आत आहेत.

म्हणून सुचवतो, मॉक्युमेंटरीला, म्हणजे अशा खोट्या माहितीपटाला, 'सोंगपट' म्हणावं.

वैदेही_क

सोंगपट! काय सुरेख शब्द आहे.

सिडकोचा_सम्या

सोंगपट +१. धाग्याचं नाव बदला.

रहाडकर

अवांतर होईल, पण स्टोनहेंजच्या प्रसंगावरून आठवलं म्हणून लिहितो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: बँडला गाण्याच्या वेळी स्टेजवर स्टोनहेंजची, म्हणजे इंग्लंडातल्या त्या प्राचीन शिळावर्तुळातली, मोठी शिळा उतरवायची असते, अठरा फुटांची. नायजेल हॉटेलातल्या कागदी रुमालावर चित्र काढतो आणि मापाला एक टिंब-रेघ चुकते, फुटाच्या एका खुणेऐवजी इंचाच्या दोन खुणा. कारागीर प्रामाणिकपणे अठरा इंचांची शिळा करून देते. ऐन कार्यक्रमात धुराच्या ढगातून ती गुडघ्याएवढी शिळा खाली येते, आणि दोन बुटकी माणसं तिच्याभोवती नाचतात.

आमच्या गल्लीतल्या मंडळात मी सतरा-अठरा वर्षांचा असताना गडाचा देखावा केला होता. लाकडाच्या पट्ट्या, गोणपाट, वर प्लास्टर, बुरूज, दरवाजा, तटावर छोटे मावळे. रात्र रात्र जागून शेजारच्या वखारीत बांधला. चतुर्थीच्या आदल्या रात्री उचलला तर मंडपाच्या तोंडातून आत जाईना. मंडपवाल्याने माप दिलं होतं कापडाच्या बाहेरचं, आम्ही धरलं आतलं. पहाटे तीन वाजता आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या दादाने करवत आणली आणि मुख्य बुरूज कापला. कापताना तो रडत होता. त्या वर्षीचा देखावा लोकांना फार आवडला, पण आम्हा आठजणांना आजही त्या गडाकडे बघितलं की नसलेला बुरूज दिसतो.

तेव्हा नायजेलच्या चेहऱ्याकडे बघा, शिळा खाली येते तेव्हा. तो थांबत नाही. माझ्या मते तो चेहरा या सगळ्या सिनेमाचा कळस आहे.

थेम्सकाठचा_नाशिककर

रहाडकर, तुमचा गड आणि ब्लॅक सॅबथ या खऱ्या मेटल बँडचं स्टोनहेंज सख्खी भावंडं आहेत. 1983 च्या दौऱ्यासाठी सॅबथने खरोखर स्टोनहेंजचा देखावा करून घेतला. फुटांचे झाले मीटर, आणि शिळा एवढ्या प्रचंड आल्या की बहुतेक सभागृहांत मावेनात. लोकांना वाटतं स्पायनल टॅपने ही गोष्ट तिथून उचलली. तसं नाही. रायनर मंडळींनी पैसे उभे करायला आधी वीस-एक मिनिटांचा नमुना केला होता, 1982 च्या सुमारास, आणि त्यात स्टोनहेंज होतं. खरं आणि खोटं एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोहोचले.

यू टूचा गिटारवादक एज याने सांगितलंय की हा सिनेमा पाहताना तो हसला नाही, रडला. इतकं खरं होतं. क्लॅरिनेट, तुम्ही एकटे नाही आहात.

ताशा_तर्री

मी एका ढोल पथकात सहा वर्षं ताशा वाजवते. आमच्याकडे हे सगळं जसंच्या तसं आहे. पहिल्या रांगेत कोण उभं राहणार यावरून दोन मैत्रिणी वर्षभर बोलत नाहीत. ध्वजाची काठी विजेच्या तारेत अडकते. मिरवणूक चौकात थांबते आणि शेजारच्या पथकाचा आवाज आमच्यापेक्षा मोठा आहे म्हणून आमचा प्रमुख सगळ्यांना टिपरू बदलायला लावतो. ध्वनीमित्र दादा, तो आमचा अकरा.

ड्रमरचं बघा ना. स्पायनल टॅपचे ड्रमर एकामागून एक मरतात. एक बागकामाच्या विचित्र अपघातात, एक स्टेजवर अचानक पेट घेऊन, मागे फक्त हिरवा डाग. बँड त्याबद्दल बोलतो तेव्हा आवाज हळवा होतो आणि लगेच नव्या ड्रमरची ओळख करून दिली जाते. आमच्याकडे मरत नाहीत, पण दर वर्षी निम्मे ढोलवाले पुण्याला नोकरीला जातात. जून उजाडला की नवी पोरं, पुन्हा पहिल्या हातापासून शिकवणं. गेलेल्यांची नावं सरावाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहिलेली आहेत. आम्ही पुसत नाही.

सिडकोचा_सम्या

ताई, तुमच्या नावातली तर्री ताशाची की मिसळीची?

ताशा_तर्री

ताशाची. मिसळीची तर्रीवाल्यांकडे.

तर्रीवाला

दोन्ही अंगावर काटा आणतात. ठसका फक्त माझीच देते.

केशवकुमारप्रेमी

क्लॅरिनेट यांच्या मुद्द्याला माझं उत्तर विडंबनाच्या बाजूने आहे. मी मराठी शिकवायचो, आता निवृत्त.

केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, समकालीन कवींची विडंबनं केली तेव्हा त्यांना आधी त्या कवींसारखं लिहिता येत होतं. शार्दूलविक्रीडिताचं विडंबन करायचं तर आधी शार्दूलविक्रीडित निर्दोष चालवता आलं पाहिजे. एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. तिथे पाय घसरला की विडंबन मरतं, आणि उरते ती नुसती हेटाळणी. मुलांना मी सांगायचो, ज्या कवितेवर तुमचा जीव नाही तिचं विडंबन लिहायला घेऊ नका. घेतलंत तर ते दोन कडव्यांपलीकडे जाणार नाही, कारण तेवढ्या वेळ त्या घरात राहावं लागतं.

हा धागा वाचून मी काल नातवाकडून रटल्सची गाणी ऐकली. मला बीटल्स बऱ्यापैकी माहीत आहेत. नील इनिस यांनी जे केलंय ते वृत्तात केलंय. प्रत्येक गाणं बीटल्सच्या एका विशिष्ट काळासारखं वाटतं, आणि तरी ते बीटल्सचं कुठलंच गाणं नाही. थट्टा शब्दांत आहे, चालीत नाही. चाल मनापासून बांधलेली आहे. पहिल्या ऐकण्यात हसलो, तिसऱ्या ऐकण्यात गुणगुणत होतो. ते गुणगुणणं ही माझ्या मते कसोटी आहे. विडंबन संपल्यावर काय उरतं? इथे गाणं उरतं.

थेम्सकाठचा_नाशिककर

सर, ती कसोटी इतकी खरी आहे की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने इनिस यांच्यावर कायदेशीर दावा लावला, आणि पुढे रटल्सच्या गाण्यांच्या श्रेयात वाटा द्यावा लागला. आणि नंतर उलट झालं. ओअॅसिस या बँडच्या एका गाण्याची चाल इनिस यांच्या जुन्या गाण्यासारखी निघाली, तिथे इनिस यांना श्रेय मिळालं.

स्पायनल टॅपचंही तेच. खोटा बँड खरा झाला. 1992 मध्ये क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ लंडनच्या वेम्बलीत मैफल झाली तिथे ते वाजवून आले, 2007 मध्ये लाइव्ह अर्थ या मैफलीला पुन्हा वेम्बलीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत सिनेमा 2002 साली गेला. आणि 2025 मध्ये दुसरा भाग आला, तेच तिघे, चाळीस वर्षांनी म्हातारे झालेले.

कॉलेजरोडची_पोरगी

त्यांच्या नावातल्या टिंबांबद्दल कुणीच बोललं नाही! मेटल बँड आपल्या नावातल्या स्वरांवर दोन टिंबं द्यायचे, जर्मन आणि भारदस्त दिसावं म्हणून. मॉटली क्रू, मोटरहेड. स्पायनल टॅपने ती टिंबं दिली 'एन' या व्यंजनावर, जिथे ती कुठल्याच जर्मन शब्दात येत नाहीत. आणि जवळच्या 'आय' वरचं टिंब काढून टाकलं.

केशवकुमारप्रेमी

म्हणजे आपल्याकडे विसर्गाला काना दिल्यासारखं. पोरी, तू हा बारकावा टिपलास, फार बरं वाटलं.

अशोकस्तंभ

नाशिककरांनी एक गोष्ट विसरू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1917 मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा छोटा माहितीपट केला होता, त्यात ते स्वतः नटांना दिग्दर्शन करताना दिसतात. म्हणजे कॅमेऱ्याने कॅमेऱ्यामागच्या माणसाला दाखवण्याचं काम आपल्याकडे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी झालंय. आणि फाळक्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशकातच होती. मग आपल्या बँडवर, पथकावर, ऑर्केस्ट्रावर मराठीत सोंगपट का नाही? खऱ्या माहितीपटांची उदाहरणं आहेत, इंडियन ओशन या बँडवर 2010 मध्ये एक चांगला आला होता. सोंगाची परंपरा आहे, पेठनाका यांनी सांगितलीच. साहित्य तर या धाग्यावरच पडलंय: खोक्यांचं गोडाऊन, कापलेला बुरूज, न जोडलेला फेडर.

ध्वनीमित्र

फेडर मी देतो.

गोदाकाठी

मला 1996 चा 'हार्ड कोअर लोगो' सुचवायचाय. कॅनडाचा, ब्रूस मॅकडोनाल्ड यांचा. पंक बँड, जुना, एका दौऱ्यासाठी पुन्हा एकत्र येतो. पहिला तासभर तुम्ही हसता आणि मग हसणं घशात अडकतं. शेवट सांगत नाही. क्लॅरिनेट, हा तुम्ही बघा किंवा नका बघू, पण तुम्ही ज्या वेदनेबद्दल लिहिलंत ती त्यात न झाकता दाखवलीय. आणि 2008 चा 'अॅन्व्हिल' बघा, तो तर खरा माहितीपट आहे, कॅनडाचाच, पन्नाशीतले दोन मित्र जे अजून मेटल बँड चालवतात आणि पोटासाठी जेवणाचे डबे पोहोचवण्यासारखी कामं करतात. त्यांच्या ड्रमरचं नाव रॉब रायनर आहे, स्पायनल टॅपच्या दिग्दर्शकासारखंच. योगायोग, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले.

वैदेही_क

मी काल रात्री स्पायनल टॅप पाहिला. मला रॉक संगीत अजिबात कळत नाही. अँप म्हणजे काय तेही या धाग्यावर कळलं. तरी आवडला. माझं सांगते, कदाचित मखमलाबादकरांना उपयोग होईल.

मी वीस वर्षं एका भजनी मंडळात आहे, आम्ही अकरा बायका. सिनेमात ते लोक एका सभागृहात स्टेजकडे जाण्याचा रस्ता चुकतात. तळघरातून फिरत राहतात, प्रेक्षकांचा गजर ऐकू येतोय, आणि हे पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येतात, दर वेळी तितक्याच जोशात ओरडत. आमचं शहरातल्या एका नाट्यगृहात असंच झालं होतं. अकराजणी, नऊवारी, हातात टाळ, आणि मागच्या जिन्याने आम्ही थेट रिकाम्या रंगपटात, मग कॅन्टीनच्या मागे. वर निवेदक आमचं नाव दोनदा पुकारून गेला. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या माई म्हणाल्या, "चला, इथूनच सुरू करू, आवाज जाईल वर." आणि आम्ही त्या अंधाऱ्या बोळात 'रूप पाहता लोचनी' म्हणायला सुरुवात केली. कुणीतरी आवाजाच्या मागावर येऊन आम्हाला वर नेलं.

माई गेल्या, चार वर्षं झाली. काल तो प्रसंग पाहताना मी इतकी हसले की शेवटी रडले. म्हणजे तुमच्यासारखंच, मखमलाबादकर. माझ्यापुरतं उत्तर असं की हे लोक एकमेकांना सोडून बाहेरचा रस्ता शोधत नाहीत. चुकतात ते सगळे मिळून चुकतात.

पेठनाका

वैदेहीताई, माईंना दंडवत.

मखमलाबादकर

वैदेहीताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे तुला का सांगता आलं नाही?"

आमच्या गिटारवाल्याचं खरं काय झालं ते लिहितो आता. 1997 च्या मार्चमध्ये एका कार्यक्रमात त्याची वरची तार तुटली. आमच्याकडे सुटी तार नव्हती, आणणं माझं काम होतं. गायकाने माइकवर सगळ्यांसमोर त्याला बोल लावला. चूक माझी होती आणि मी गप्प राहिलो. तो कार्यक्रम त्याने पाच तारांवर पूर्ण केला, छान वाजवला, आणि परत सरावाला आला नाही. नायजेलला डेव्हिड हाताने वर बोलावतो तिथे माझे डोळे त्यामुळे भरतात. काल त्याचा नंबर मिळवला. नाशिकरोडलाच राहतो. अठ्ठावीस वर्षं झाली, वीस किलोमीटरसुद्धा अंतर नाही. अजून फोन लावलेला नाही.

रहाडकर

लावा. तार घेऊन जा बरोबर.

क्लॅरिनेट

चार दिवस काही लिहिलं नाही. पेठनाका आणि केशवकुमारप्रेमी सर यांचं वाचून मी ठरवलं की सिनेमा पूर्ण बघायचा, पण एकट्याने नाही, वडिलांबरोबर. ते एक्क्याऐंशीचे आहेत. क्लॅरिनेट आता फुंकवत नाही, पण पेटी दर शनिवारी उघडून पुसतात. इंग्रजी कळत नाही म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो.

पहिली पंधरा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग पहिलं गाणं पूर्ण झालं तसे म्हणाले, "वाजवणारे आहेत हो." मी सांगितलं की हे खरे बँडवाले नाहीत, नट आहेत. ते म्हणाले, "बोटं खोटी नाहीत." अकराच्या प्रसंगाला मोठ्याने हसले. आमच्या पार्टीत एक युफोनियमवाले होते, ते म्हणे वाद्याला नवीन पॉलिश केलं की आवाज लांब जातो असं शपथेवर सांगायचे, आणि वडील दर लग्नसराईला त्यांना पॉलिशचे पैसे वेगळे द्यायचे. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मग एकेक गोष्ट निघत गेली. सिनेमा दोनदा थांबवला. त्या लग्नाची, मांडवामागच्या बसण्याची गोष्टही निघाली. ती मी इतकी वर्षं अपमान म्हणून जपली होती. वडिलांना त्या दिवसाचं आठवत होतं ते वेगळंच: परत येताना साइड ड्रमवाल्याने रस्त्यात सगळ्यांना उसाचा रस पाजला होता.

अल्बमवर सही घ्यायला कुणी येत नाही तो प्रसंग आला तेव्हा मी पुढे ढकलू का विचारलं. म्हणाले, "असू दे. बघू दे."

माझं मत पूर्ण बदललं असं नाही. एजंट मला अजून आवडत नाही. पण सिनेमा कुणाच्या बाजूला उभा आहे ते कळलं.

संपल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला. ते एवढे ड्रमवाले गेले, त्यांच्या घरच्यांना बँडने काही दिलं का?

ताशा_तर्री

काकांना सांगा, दुसरा भागही आहे. मी पेनड्राइव्हवर आणून देते. कुठे राहता?

क्लॅरिनेट

भद्रकालीच्या मागे. संध्याकाळी या, साडेसहानंतर. ते तोवर फिरून आलेले असतात. ताशाही आणा, त्यांना ऐकायचाय.